बैल बुजतो, बोलेरो बुजत नाही

दसरा उलटला की बीड जिल्ह्यात दोन कामं एकदमच निघतात. मुकादमाची उचल घेऊन ती खर्चूनही बसलेले ऊसतोड मजुरांचे कोयते धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारहून साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात, आणि पावसानं धुऊन काढलेल्या रस्त्यांवर पांढरे पट्टे मारायला सुरुवात होते. खड्ड्यांचं काम तेवढं मागं राहतं. त्यात खडी लागते, डांबर लागतं, रोलर लागतो, आणि एवढं करून बुजलेला खड्डा फोटोत दिसत नाही. पट्टा दिसतो.

ह्या दोन कामांची गाठ पडते ती एखाद्या शाळेसमोर. तिथं रस्त्यावर आडवे पाच-सहा पट्टे ओढलेले असतात, अजून चकचकीत. बैलगाडी येते. उजवीकडचा बैल पहिल्या पट्ट्याशीच पाय रोवतो. जू तिरकं होतं. मान खाली घालून, नाकपुड्या फुगवून तो रंग हुंगतो, एक खूर पुढं टाकतो आणि चटका बसल्यासारखा मागं घेतो. मागं ट्रॅक्टर, त्यामागं एसटी, त्यामागं दोन बोलेरो, सगळ्यांचे भोंगे एका सुरात. गाडीवान कासरा झटकतो, शेपूट पिरगाळतो, शेवटी खाली उतरतो आणि स्वतः पट्ट्यावर उभा राहून पाय आपटतो. “आरं भुई हाय, भुई! बग!”

बैलाची शंका रास्त आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. मागचा चाबूकसुद्धा त्याला मान न वळवता दिसतो. पण समोरच्या वस्तूची खोली दोन्ही डोळ्यांनी मिळून जोखायची, तर तेवढा पट्टा फारच अरुंद. म्हणून तो थांबतो, मान खाली घालतो, निरखतो. काळ्या डांबरावर पांढरी रेघ म्हणजे त्याच्या हिशेबी एक तर कडा, नाही तर फट. टेंपल ग्रँडिन ह्या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी उभी हयात ह्यावर घालवली: गुरं सावलीला अडतात, गटाराच्या जाळीला अडतात, लोंबत्या साखळीला अडतात. बाईंनी गुरांच्या उंचीवर वाकून, त्यांच्याच वाटेनं चालत जाऊन हे पाहिलं. आपल्याकडे रस्त्याची पाहणी काच वर केलेल्या गाडीतून होते, त्यामुळे असले शोध लागत नाहीत.

शिवाय बैलाला पायाचाही अनुभव असतो. रस्त्यावर चालायचं म्हणून त्याच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकलेल्या. पट्ट्यांचं हे पांढरं थर्मोप्लास्टिक तापवून, वितळवून ओततात आणि रात्री चमकावं म्हणून वर काचेचे बारीक मणी पेरतात. त्यावर दोन थेंब पाऊस पडू द्या, मग लोखंड, काच आणि उसाची भरलेली गाडी यांचं काय जमतं ते पाहा. रस्त्याच्या टेंडरमध्ये बैलाचा खूर कुठल्याच कलमात बसत नाही.

कुणी सुचवील, मग रंग बदला. लाल मारा. काही उपयोग नाही. बैल काय आणि घोडा काय, दोघांच्याही डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच जातींच्या, आपल्या तीन. निळं-पिवळं त्यांना समजतं, लाल-हिरव्यात गल्लत होते. इंग्लंडात घोड्यांच्या शर्यतीतले अडथळे वर्षानुवर्षं नारंगी होते. ते घोड्याला भोवतालच्या हिरव्यातून नीट वेगळे दिसतच नाहीत, असं एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, तेव्हा पांढरा रंग आला. थोडक्यात, भगव्या आणि हिरव्यावरून माथं भडकत नाही असा जीव अजून आपल्या जिल्ह्यात आहे. त्याचं मतदार यादीत नाव नाही, हे दोन्ही बाजूंच्या सोयीचंच आहे.

घोड्याची अडचण बैलापेक्षा वाईट. लग्नसराईत वरातीची घोडी येते. कपाळावर झालर, तोंडात लगाम, डोळ्यांना झापडं, आणि मालकानं तिची मान फोटोसाठी वर आवळून धरलेली. डीजेच्या भिंतीपुढं ती निमूट उभी राहते, कानाशी फटाके फुटले तरी हलत नाही. तिनं ते सगळं सोसून पचवलंय. चौकातले झेब्राचे पट्टे आले की मात्र अंग चोरून आडवी होते. तिला फक्त मान खाली घालून बघायचं असतं, आणि नेमकी तेवढीच मुभा नसते. नवरदेव मुंडावळ्यांतून पुढं काय चाललंय ते बघायचा प्रयत्न करतो. त्याचीही खोली जोखायची वेळ टळलेलीच असते म्हणा.

ह्या भीतीचा अमेरिकेतल्या पशुपालकांनी मात्र रोकडा उपयोग करून घेतला. कुरणाच्या वाटेवर खड्डा खणून त्यावर लोखंडी दांड्यांची जाळी टाकायची. गाडी जाते, गुरं ओलांडत नाहीत. पुढं लक्षात आलं की नुसते पट्टे रंगवले तरी गुरं तशीच अडतात. लोखंडाचा खर्च वाचला. खऱ्या जाळीचा अनुभव घेतलेलं जनावर रंगालाही मान देतं. एकच भीती: कळपातलं एखादं धीट जनावर भुलून, घाबरून किंवा चाऱ्याच्या आशेनं पलीकडं गेलं की बाकीची मागोमाग. मग तो रंग नुसता रंग उरतो.

आपल्या सरकारनं हाच प्रयोग थेट माणसांवर केला. 2016 मध्ये अहमदाबादच्या माय-लेकी चित्रकारांनी रस्त्यावर असा झेब्रा रंगवला की लांबून ठोकळे हवेत तरंगताना दिसावेत, आणि त्याच वर्षी रस्तेमंत्री गडकरी साहेबांनी खऱ्या गतिरोधकाऐवजी असे चितारलेले गतिरोधक वापरून बघत असल्याचं जाहीर केलं. कल्पना गोड होती. पण बीडचा ड्रायव्हर पहिल्या दिवशी ब्रेक मारेल, दुसऱ्या दिवशी हसेल आणि तिसऱ्या दिवशी शेजारी बसलेल्या पाहुण्याला वेग न कमी करता ते दाखवील.

त्याला दोष देता येत नाही, कारण त्यानं खरी जाळी जन्मात पाहिलेली नाही. चौकातल्या थांबारेषेखाली काय आहे हे त्याला पुरतं ठाऊक आहे: डांबर. पावती नाही, लायसन जप्त होणं नाही. आणि झालंच, तर फोन आहे. आपल्या कळपातलं ते धीट जनावर पांढरंशुभ्र असतं, काचा काळ्या असतात, पुढं पदाची पाटी असते. ते पट्टा ओलांडून गेलं त्याला जमाना झाला. मागच्यांनी फक्त पाठलाग केला.

तेव्हा माझी जिल्हा प्रशासनाला एक नम्र सूचना आहे. नव्या रंगाचा पैसा वाचवा आणि जिल्ह्यात एक, फक्त एक, खरी जाळी बसवा. खाली चांगला कमरेइतका खड्डा, वर दांड्या, आणि जो थांबारेषा ओलांडील त्याचं चाक सुटका नसल्यासारखं अडकावं; त्यात कुणाचं चाक आहे हे जाळीला कळायची सोय नसावी. मग सगळ्या जिल्ह्यात नुसते पट्टे मारले तरी दहा वर्षं पुरतील.

अडचण एवढीच की ती कुठं बसवायची. तालुके अकरा. बीडला बसवली तर अंबाजोगाईवर अन्याय, परळीला बसवली तर मुंबईहून चौकशी, आष्टीवाले म्हणतील आम्हाला रेल्वेही बीडच्या आधी मिळाली, जाळीही द्या. शेवटी अकराही ठिकाणी मंजूर होतील, अकरा भूमिपूजनं होतील, आणि निधीअभावी तूर्त जाळीच्या जागी पांढऱ्या रंगानं जाळीचं चित्र काढण्यात येईल. उद्घाटनाला बैलजोडी सजवून आणायची टूम निघेलच. आणणाऱ्यांनी तेवढं जपावं. ती व्यासपीठाच्या अलीकडंच थांबेल, आणि मागं सगळा ताफा.