पेशकारसाहेबांची फेरचौकशी

जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या प्रत्येक मनुष्यास एखादा तरी सेवानिवृत्त पेशकार, म्हणजे न्यायाधीशापुढे खटल्यांच्या मिसली मांडणारा कारकून, ठाऊक असतोच, आणि ज्यास तो ठाऊक नसेल त्याने हाती रहस्यकथेचे पुस्तक धरून बालाघाटच्या कचेरीच्या रस्त्याने चार पावले चालून पाहावे, म्हणजे पेशकार आपण होऊन त्याच्याकडे येईल, पुस्तक हातातून काढून घेईल, आणि पहिला प्रश्न विचारील तो "खून कोणी केला?" हा नव्हे, तर "खबर कोणी दिली?" हा.

आमचे पेशकारसाहेब या जातीचे आदर्श प्रतिनिधी होते. काळी टोपी, काखेत छत्री, आणि वरच्या खिशात एका टोकास लाल व दुसऱ्या टोकास निळी अशी ती सरकारी पेन्सिल, जी पेन्शनीबरोबर त्यांनी घरी आणली असावी. आमच्या मराठी वाचनालयाच्या दोन कपाटांतली डिटेक्टिव्ह कादंबरी त्यांच्या हाती पडली, की ते प्रथम तिची पाने मोजीत, एखादे गळाले असल्यास तशी नोंद मलपृष्ठावर करीत, आणि मग समन्सच्या जुन्या छापील कागदाच्या कोऱ्या पाठीवर मयत, फिर्यादी, साक्षीदार क्रमांक १, साक्षीदार क्रमांक २ अशी यादी मांडून बसत. घरची बाई चिन्नोरच्या सुपातून तांदळाकडे न पाहता नुसते खडे वेचते, तसे ते कथेकडे न पाहता तिच्यातील बेकायदेशीर गोष्टी वेचीत.

बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळापहाड त्यांस मुळीच मानवत नसे. "हा गृहस्थ रात्री दुसऱ्याच्या बंगल्यात शिरतो, तिजोरी उघडतो, कागद खिशात घालतो, झडतीचे वॉरंट नाही, पंच नाहीत, जप्तीची फेरिस्त नाही. याच्यावरच आधी घरफोडीचा गुन्हा नोंदवा," असे ते म्हणत, आणि निळ्या टोकाने समासात तसा शेरा मारीत.

येथे थोडा इतिहास सांगितल्याखेरीज त्यांचा हा ध्यास समजावयाचा नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेरमांडणी झाली, नागपूर आणि भंडारा मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्यप्रदेशात राहिले, आणि ज्या हायकोर्टाकडे जिल्ह्याची अपिले इतकी वर्षे जात असत ते नागपूरचे पीठ सोडून जबलपुरास स्थापन झाले. मराठी पुस्तके मात्र पूर्वीसारखी नागपुराहून गोंदियामार्गे त्याच अडीच फुटी रुळांच्या छोट्या गाडीने येत राहिली, म्हणजे कादंबरी एका दिशेने वर येई आणि तीच गाडी जिल्ह्यातले अपील घेऊन नैनपुरावरून जबलपुराकडे निघून जाई. ही व्यवस्था पेशकारसाहेबांस एखाद्या चुकीच्या निकालासारखी वाटे. आणि एक मोठा निकाल फिरत नाही हे पाहिल्यावर मनुष्य लहान लहान निकाल फिरवू लागतो, असे माझे आपले मत आहे.

बंद झालेले प्रकरण पुन्हा उघडण्याची कादंबरी त्यामुळे त्यांची विशेष आवडती. आगाथा ख्रिस्तीची 'मिसेस मॅकगिन्टीज डेड' ही १९५२ सालची कादंबरी कोणीतरी गोंदियाच्या फलाटावरून आणली होती. तीत एका खेड्यातली धुणीभांडी करणारी बाई मारली जाते, तिचे तीस पौंड नाहीसे होतात, घरातल्या गरीब भाडेकऱ्यास फाशीची शिक्षा होते, आणि ज्याने त्यास पकडले त्याच पोलिस अधिकाऱ्याच्या मनात शंका येऊन तो गुप्तहेर प्वारोच्या दारी जातो. आम्ही सारे त्या भाडेकऱ्याच्या जिवासाठी घाबरे होऊन पाने उलटीत होतो. पेशकारसाहेब पहिल्याच प्रकरणात अडले होते. "सेशनने फाशी दिली, ठीक. पण कलम ३७४ प्रमाणे हायकोर्टाची मंजुरी कुठे आहे? आणि हा मिशाळ मनुष्य कोणाचा? वकीलपत्र दाखल नाही, सरकारी हुकूम नाही!" पुढे साखर फोडण्याचे एक हत्यार खेड्यातल्या या घरून त्या घरी हिंडते, मदतीच्या विक्रीत मांडले जाते, असे वाचल्यावर तर त्यांनी पुस्तक मिटून डोळ्यांवरचा चष्मा काढला. मालखान्यात लाखेच्या शिक्क्याखाली असावयाचा मुद्देमाल बाजारात विकला जातो, ही कल्पना त्यांस प्रत्यक्ष खुनापेक्षा अघोरी वाटली.

एका तरुण वकिलाने धीर करून विचारले, "साहेब, खून इंग्लंडात झाला. आपला कायदा तिथं कसा लागू होईल?"

"अहो वकीलसाहेब, खून कुठंही होवो," पेशकारसाहेब शांतपणे म्हणाले, "मिसल बालाघाट तहसिलीत वाचली जात आहे. हद्द इथली."

शेवटच्या प्रकरणाशी तर त्यांचे जन्माचे वैर होते. सर्व मंडळी दिवाणखान्यात जमली आहेत, गुप्तहेर एकेकाकडे बोट रोखतो आहे, दाराशी पोलिस उभा आहे, आणि खुनी सर्वांसमक्ष आपले कृत्य सांगून टाकतो, या प्रसंगी सामान्य वाचकाचे हृदय धडधडते, पेशकारसाहेब फक्त लाल टोकाने समासात "पुरावा कायदा, १८७२, कलम २५ व २६. ग्राह्य नाही" एवढे लिहून मोकळे होत. पोलिसाच्या ताब्यात दिलेली कबुली मॅजिस्ट्रेटसमक्ष नसेल तर ती कबुलीच नव्हे. तेव्हा त्यांच्या हिशेबी जगातील नामांकित कादंबऱ्यांतले बहुतेक खुनी निर्दोष सुटून आपापल्या घरी सुखाने नांदत आहेत. परिणाम असा झाला, की वाचनालयात त्यांचे शेरे असलेल्या प्रतीसाठी ओढाताण होऊ लागली, आणि कोरी प्रत कोणी घेईना.

एकदा मात्र मी त्यांस सरळच विचारले, की खुनी कोण याचे आपणास काहीच कुतूहल कसे वाटत नाही? तेव्हा छत्रीची मूठ चाचपीत ते म्हणाले, "तुमच्या कादंबरीत खून कोणी केला हे कोणालाच ठाऊक नसतं, आणि शेवटी सगळ्यांना कळतं. आमच्या बैहर-लांजीकडे खून कोणी केला हे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला ठाऊक असतं. कोतवाराला ठाऊक, मुकद्दमाला ठाऊक, मयताच्या बायकोला तर सगळ्यांत आधी. ठाऊक नसतं ते फक्त मिसलीला. ठाणेदार अकस्मात मृत्यूचा मर्ग कायम करतो, दहा साक्षीदार 'मी शेतावर होतो' म्हणतात, तपास थांबून खात्मा लागतो, आणि मी आपल्या हातानं 'दाखल दफ्तर' लिहितो." असे किती वेळा लिहिले ते त्यांनी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

मुखपृष्ठ गळालेली एक मराठी कादंबरी आमच्या कपाटात होती. तीत एक नवा ठाणेदार बारा वर्षांमागे खात्मा लागलेले विहिरीतल्या प्रेताचे प्रकरण पुन्हा हाती घेतो. १८९८ च्या फौजदारी संहितेत अंतिम अहवालानंतर पुढील तपासाविषयी स्पष्ट कलम नव्हते, म्हणून त्या पानावर पेशकारसाहेबांनी जाड अक्षरांत लिहून ठेवले होते : "कोणत्या कलमान्वये?" आम्ही त्या शेऱ्यावर पुष्कळ हसलो.

१ एप्रिल १९७४ पासून नवी फौजदारी संहिता लागू झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, दृष्टी अधू झालेली असताही, पेशकारसाहेब वाचनालय उघडण्यापूर्वीच पायरीवर येऊन बसले, ते पुस्तक मागून घेतले, पान अचूक काढले, आणि जुन्या शेऱ्याखाली लाल टोकाने लिहिले : "दुरुस्ती. आता कलम १७३ (८) अन्वये मुभा आहे." सही केली, तारीख घातली. पुस्तक मिटता मिटता त्यांनी पुढची दोन पाने चाळली, कपाळास आठी पडली, आणि पेन्सिल फिरवून निळ्या टोकाने त्यांनी आणखी एक ओळ भरली : "तथापि पुढील तपासाचा अहवाल मॅजिस्ट्रेटकडे पाठविल्याचे मिसलीवरून दिसून येत नाही."