करंट सीटीसी किती?

टेक्निकल रायटरला रिक्रूटरचा फोन येतो तो हमखास तोंडात घास असताना. "सर, हिंजवडीत अर्जंट ओपनिंग आहे. जावा किती वर्षं?" जावा नाही हो, सॉफ्टवेअरची युजर गाइड लिहितो. "ओके, म्हणजे कंटेंट रायटर! दिवसाला किती ब्लॉग?"

मग समोरच्या कागदावरून लिखाणाच्या फॉरमॅट-टूल्सचे प्रश्न सुटतात. डिटा येतं? मॅडकॅप फ्लेअर येतं? येतं म्हणजे नेमकं काय येतं, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तुम्ही लिहिता कसं, हे मात्र कुणी विचारत नाही. नोटीस पीरियड 90 दिवसांचा, आणि त्यांना माणूस हवा सोमवारी!

बायोडेटा वर्डमध्येच मागतात. तुमचा फोन नंबर खोडून वर एजन्सीचा लोगो चिकटवायला पीडीएफ गैरसोयीची. रागावू नका. फी कंपनी देते; वार्षिक पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, हा रूढ दर. गिऱ्हाईक कंपनी, तुम्ही माल.

तरी फोन घ्या, अधूनमधून खरी नोकरीही निघते. फक्त कुणी तुमचा बायोडेटा कुठे पाठवला, ते लिहून ठेवा. एकाच जागेसाठी दोन एजन्सींकडून गेलात, तर फीच्या भांडणात नाव तुमचंच कटतं.