दहा मिनिटं प्रार्थना, मग सामना

बसा, चहा येतोय. तोवर प्रकरण मांडतो. निकाल तुम्ही द्या.

अंधेरीतल्या आमच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला बायका-मुलं आत बसतात आणि पुरुष दारात उभे राहतात. बाक रिकामे असले तरी. प्रवचन सुरू झालं की दारातले पायरीवर सरकतात, पायरीवरचे बदामाच्या झाडाखाली, आणि झाडाखालचे लावलेल्या स्कूटरींवर बूड टेकवतात. कम्युनियनला मात्र सगळे शिस्तीत आत. वर्षभराचा कारभारही असाच. कॉयर बायकांचा, कॅटेकिझम बायकांचं, मे महिन्यात गावठाणातल्या क्रुसापाशी जपमाळ म्हणणार त्याही बायकाच. ऑक्टोबरात आगेरा आला की नवं भात वेदीपर्यंत त्याच नेतात. पुरुषांकडे दोन खाती: खुर्च्या मांडणं आणि सोरपोतेल संपवणं.

तेव्हा सभेत ठराव झाला की पुरुषांच्या श्रद्धेला उत्तेजन द्यावं, आणि ते फुटबॉलमार्फत द्यावं. रविवारी संध्याकाळी पाच वाजता, चर्चच्या आवारात, दोन्हीकडे पाच-पाच जण. आधी दहा मिनिटं प्रार्थना, मग सामना. प्रार्थनेला जो गैरहजर, त्याला संघात जागा नाही. गुडघ्यांच्या कारणास्तव प्रार्थना खातं माझ्याकडे आलं. सोबत एक हजेरी रजिस्टर मिळालं.

मुंबईत वेळेवर कोणी पोचत नाही, हे मलाही समजतं. पण ज्या माणसाला पाच वाजता मरोळ नाक्याचं ट्रॅफिक अडवतं, तोच माणूस पाच वाजून अकराव्या मिनिटाला बूट चढवून, अंग गरम करून गेटातून आत कसा येतो? नियमाप्रमाणे त्याला बाहेर ठेवायचं, तर खेळायला माणसं पुरत नाहीत. म्हणून रजिस्टरात ‘मनाने हजर’ असा नवा रकाना पाडण्यात आला. पाडला त्यांनी, खाली सही माझी.

देहाने हजर असतात त्यांची तर गोष्टच वेगळी. स्तोत्र चालू असताना हे लोक बुटांच्या नाड्या बांधतात. नाडी बांधणारा माणूस लांबून गुडघे टेकल्यासारखा दिसतो, त्यामुळे खिडकीतून बघणाऱ्या फादरांना फार समाधान वाटतं. प्रभूची प्रार्थना निम्म्यावर आली की कुठेतरी चेंडू टप-टप करायला लागतो, आणि ‘आमेन’ तर माझ्याआधी शिट्टीच म्हणते. विनंत्यांची वेळ मी मोकळी ठेवली होती, ज्याने त्याने मनातलं देवापुढे ठेवावं म्हणून. एकाने घोटा ठेवला, एकाने लिगामेंट, आणि एकाने मँचेस्टर युनायटेड. ‘आजारी आणि दुःखी’ या सदरात ते बसतात, असं त्याचं म्हणणं पडलं. बाकीच्यांनी अनुमोदन दिलं.

काही बोलावं तर शास्त्राधार तयार. संत पॉलने करिंथकरांना लिहिताना नवव्या अध्यायात शर्यतीचा दाखला दिलाय म्हणे. दिलाय, मी कुठे नाही म्हणतो? पण तो धावण्याबद्दल आहे, आणि आमच्यातले निम्मे धावतही नाहीत. मग डॉन बॉस्को काढतात. तो लहानपणी दोरीवर चालून दाखवायचा आणि गावकऱ्यांना देवाकडे ओढायचा. अगदी बरोबर. पण जपमाळ झाल्याशिवाय आणि सकाळचं प्रवचन परत ऐकवल्याशिवाय तो खेळ पुरा करत नसे. आमच्याकडे नुसती दोरी मागतात.

शेवटी मी पूर्वीचे दाखले काढले. मँचेस्टरात वेस्ट गॉर्टन नावाची कारखान्यांची वस्ती. तिथल्या सेंट मार्क्स चर्चच्या रेक्टरची मुलगी ॲना कॉनेल. वस्तीतले पुरुष दारू आणि मारामाऱ्यांच्या नादी लागलेले, म्हणून तिने त्यांच्यासाठी सभा सुरू केल्या. पहिल्या सभेला तीन जण आले असं सांगतात. तीन! तेही ‘मनाने हजर’चा रकाना नसताना. पुढे चर्चच्या मंडळींनी १८८० साली फुटबॉल संघ काढला. पहिला नोंदलेला सामना मॅकल्सफील्डच्या बॅप्टिस्टांशी झाला आणि हे १-२ ने हरले. मग नावातून सेंट मार्क्स गेलं, गॉर्टन आलं, मग आर्डविक, आणि १८९४ मध्ये मँचेस्टर सिटी. एव्हर्टनही एका चॅपलातूनच निघालं, १८७८ ला. चषक ढीगभर जमले; प्रार्थनेचं पुढे काय झालं ते कुठल्याही चषकावर कोरलेलं नाही.

आणि आता कळस ऐका. त्याच मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने २०१९ मध्ये मुंबई सिटीचा मोठा हिस्सा विकत घेतला. मुंबई सिटीचं घरचं मैदान कुठे? अंधेरीत, शहाजी राजे क्रीडा संकुलात. मिस कॉनेलच्या चर्चमधून सटकलेला चेंडू सातासमुद्रापार माझ्या चर्चचे पुरुष न्यायला आला आहे, आणि याची दाद मागायला कुठे खिडकी नाही.

१८ डिसेंबर २०२२ तुम्हाला वर्ल्ड कपची फायनल म्हणून आठवत असेल. पंचांगात तो आगमनकाळातला चौथा रविवार होता, आणि आमचं घरोघर कॅरल गायचं ठरलं होतं. सामना साडेआठला सुरू झाला. तिसऱ्या घरात टीव्ही चालू होता. आमचे जाडे आवाज ‘पाणी पिऊन येतो’ म्हणून आत गेले. ८० आणि ८१ व्या मिनिटाला एम्बापेने लागोपाठ गोल केले आणि पाणी लांबलं. मग जादा वेळ, मग पेनल्टी. बाळ येशूच्या जन्माची वार्ता त्या रात्री गावठाणाला बायकांनी आणि सहावीतल्या पोरांनी दिली. जाडे आवाज आले ते अर्जेंटिना जिंकल्यावर. गात होते, पण दुसरंच काहीतरी.

मध्यंतरी शेजारच्या सोसायटीचं लेखी पत्र आलं. वाटलं, आरडाओरड्याबद्दल असेल. आपल्यालाही कोणीतरी वाली मिळाला. पत्रात लिहिलं होतं की प्रार्थनेच्या वेळी फार शांतता होते, ज्येष्ठ नागरिकांचा डोळा लागतो, आणि मग एकदम खेळ सुरू झाला की ते दचकतात. तरी प्रार्थना बंद करून सलग गोंगाट ठेवावा, ही विनंती. फादरांनी सुवर्णमध्य काढला. प्रार्थना सात मिनिटांवर आली.

वार्षिक अहवालात ‘पुरुषांचा सहभाग उल्लेखनीय वाढला’ अशी नोंद आहे. नव्या जाळ्यांना निधी मंजूर झाला. रजिस्टरची पानं संपली म्हणून मी केलेला अर्ज विचाराधीन आहे. घरोघरच्या वहिनी माझे आभार मानतात, कारण रविवारी संध्याकाळी टीव्हीचा रिमोट त्यांच्या हातात असतो.

आता बॉक्स क्रिकेटवाल्यांचाही अर्ज आलाय. त्यांना सगळ्या अटी मान्य आहेत. प्रार्थनेबद्दल त्यांनी स्वतःहून लिहून दिलंय की पावसामुळे खेळ थांबला, तर त्यांची काही हरकत राहणार नाही.