डिझेल टाकून आणा, बाकी असू द्या

कोपरगावात दुसऱ्याची गाडी मागायची म्हणजे आधी अर्धा तास प्रवचन ऐकायची तयारी ठेवावी लागते. क्लचवर पाय ठेवून बसायचं नाही. एसी लावला तर काचा पूर्ण वर. सीटकव्हर नवं आहे, पोरांच्या हातात चिवडा द्यायचा नाही. मागचं डावं दार आपटायचं नाही, नुसतं टेकवायचं, ते आपोआप लागतं. पार्किंगला झाडाखाली लावायची, पण ज्या झाडावर पक्षी बसतात त्या झाडाखाली नाही. आणि काटा जिथं होता तिथं, शक्यतो थोडा वरच, डिझेल टाकून आणायचं. एवढं सगळं पढवणारा माणूस डॅशबोर्डच्या कप्प्यात पिस्तूल आहे, हे तेवढं सांगत नाही.

विसरतो म्हणावं तर तेही नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असंच त्याला वाटत नसतं. स्टेपनी आहे, जॅक आहे, पाना आहे, तसं तेही आहे.

प्रसंग नेहमीचाच धरा. लग्न जमलंय, बस्ता बांधायला येवल्याला जायचंय, घरची गाडी एक आणि माणसं दोन गाड्यांची. मग कुणाकडून तरी ती पांढरी, काळ्या काचांची, मागे मालकाच्या मुलाचं नाव लिहिलेली गाडी येते. पुढच्या सीटवर मामी, कारण मागं बसलं की त्यांना मळमळतं. मामींच्या गुडघ्यासमोर तो कप्पा. आत मुदत संपलेलं पीयूसी, टोलच्या चुरगळलेल्या पावत्या, शिर्डीच्या उदीच्या पुड्या, बडीशेप, दात पडलेला कंगवा, आणि या सगळ्याच्या तळाशी गाडी पुसायच्या पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला ऐवज. फडकं स्वच्छ धुतलेलं, घडीही व्यवस्थित. पुढची काच मात्र गेल्या पावसाळ्यापासून कुणी पुसलेली नाही.

हे सगळं असंच येवल्याला जाऊन असंच परत आलं असतं. पण मध्ये नगर-मनमाड रस्ता आहे. त्याची महती कोपरगावकराला सांगायला नको, त्याच्या मणक्यांना ती पाठ आहे. वऱ्हाड समृद्धी महामार्गावरून निघालं असतं तर मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर ते पिस्तूल उदीच्या पुडीलाही धक्का न लावता झोपून राहिलं असतं. नगर-मनमाडवर गाडी गावाची वेस ओलांडते न ओलांडते तोच पहिला दणका बसतो, कप्पा उघडतो, पीयूसी उडतं, उदी उडते आणि पिवळं फडकं मामींच्या मांडीवर येऊन सुटतं. आमचं तर म्हणणं आहे की नाकाबंदीला माणसं उभी करायचा खर्च वाचवावा. खड्डा चोवीस तास हजर असतो, चहा मागत नाही, गाडी कुणाची ते विचारत नाही, आणि कुणाचा तरी फोन आला म्हणून सोडूनही देत नाही. तालुक्यातल्या सगळ्या गाड्या एकदा या रस्त्यावरून चालवल्या तर कुणाच्या कप्प्यात काय आहे याचा पंचनामा संध्याकाळपर्यंत तयार होईल. बरं, हसून तरी किती हसायचं? या रस्त्यावर माणसं मेली आहेत हो. मोटरसायकलवर मागे बसलेली बाई खड्ड्यात उडते आणि मागचा ट्रक थांबत नाही, ही बातमी वाचून वाचून आम्हाला पाठ झाली. पावसाळ्यात मुरूम, मुरमाचा चिखल, चिखलाची दिवाळीत धूळ, धुळीवर पुन्हा मुरूम. या रस्त्यावर जेवढे नारळ फुटले तेवढी खडी पडली असती तर मामी आज सुखानं पैठणी निवडत बसल्या असत्या.

पण मामींच्या मांडीवर आता पिस्तूल आहे आणि १९५९ चा शस्त्र कायदा लागू झाला आहे. त्याचं ३५ वं कलम जणू मागून आणलेल्या गाडीसाठीच लिहिलंय. घरात, वाहनात किंवा आणखी कुठं, जिथं अनेकांचा मिळून ताबा आहे, तिथं बेकायदा शस्त्र सापडलं, तर ते तिथं असल्याचं ज्याला ज्याला ठाऊक होतं असं मानायला जागा आहे, त्या प्रत्येकाला तो गुन्हा एकट्यानंच केल्यासारखं धरलं जातं. तसं नव्हतं हे सिद्ध तुम्ही करायचं. म्हणजे खड्ड्याच्या अलीकडे गाडीत सहा वऱ्हाडी होते आणि खड्ड्याच्या पलीकडे सहा माहीतगार.

ताबा म्हणजे नुसतं जवळ असणं नव्हे, जवळ आहे याची जाणीवही हवी, असं १९७२ च्या एका निकालात आलं आहे. बेटावर शुक्राचार्यांचं देऊळ असलेल्या गावाला हे कळायला १९७२ ची वाट पाहायची गरजच नव्हती. दैत्यांनी आचार्यांच्या शिष्याला, कचाला मारलं, जाळलं, राख मद्यात कालवली आणि ती आचार्यांनाच पाजली. कच आचार्यांच्या पोटात आणि आचार्यांना पत्ता नाही. तोवर ते निर्दोष. मग मुलीनं, देवयानीनं हट्ट धरला, आचार्यांनी हाक मारली आणि आतून ओ आली. झाला ताबा जाणीवपूर्वक! पुढचं महत्त्वाचं. आचार्यांनी 'राहू दे आत, कुणाला सांगू नका' असं केलं नाही. स्वतःचं पोट फाडायची पाळी आली तरी आतला ऐवज बाहेर काढला. वर मद्याला शाप दिला. तो शाप हायवेच्या ढाब्यांना अजून बजावला गेलेला नाही, पण तो विषय वेगळा.

आमचं वऱ्हाड काही आचार्यांचं नव्हे. मामा म्हणतात, नदीत टाका. गोदावरी म्हणजे यांना सगळ्या पापांचं गोदाम वाटतं. उन्हाळ्यात तिच्या पात्रात टाकलेलं पिस्तूल फुटक्या तसबिरी आणि निर्माल्याच्या पिशव्यांशेजारी दुपारच्या उन्हात चमकत पडेल, आणि पुरावा नाहीसा करण्याचं भारतीय न्याय संहितेतलं २३८ वं कलम वर फुकट मिळेल. काका म्हणतात, त्याच फडक्यानं पुसून होतं तसं ठेव. काकांनी टीव्हीवर गुन्ह्यांच्या मालिका पाहिल्यात. मालकाचे ठसे पुसले गेले आणि आपले उरले तर काय, हा भाग पाहायच्या आधी त्यांचा डोळा लागला असावा. नवरदेव शिकलेला. तो मोबाइल काढून पिस्तुलासोबत फोटो घेतो. तारीख, वेळ, ठिकाण आणि आरोपीचा हसरा चेहरा, सगळं एका फायलीत. तपास अधिकाऱ्याला काही कामच उरत नाही. वरातीत हवेत एक बार काढायचा का, असंही तो विचारून घेतो. हौसेच्या त्या बाराला शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बँडवाला परवडला.

मग मालकाला फोन.

"दादा, तुमच्या गाडीत ते..."

"ते होय? असू द्या, असू द्या. काय नाय होत."

"लायसन आहे का पण?"

"आहे की."

"तुमचं?"

"चुलत्यांचं. एकच घर आहे, काय राव."

परवाना माणसाच्या नावावर असतो, घराण्याच्या नाही. तो काय सातबारा आहे, वारसांची नावं लागायला?

"आणि तसं ते आपलं नाहीच. मित्रानं दोन दिवस ठेवायला दिलंय. ते जाऊ द्या, डिझेल टाकलं का?"

म्हणजे गाडी मागून आणलेली, गाडीतलं पिस्तूलही मागून आणलेलं, आणि कायद्यानं त्याचा जाब द्यायचा तो बस्त्याला निघालेल्या मामींनी!

आम्हाला खरा संताप येतो तो इथं. कांद्याला भाव नाही म्हणून रडायचं, उसाचं बिल अडकलं म्हणून रडायचं, आणि कप्प्यात कट्टा बाळगायचा. कशासाठी? कुणाला भ्यायचंय? वाढदिवसाचा केक तलवारीनं कापायचा, फ्लेक्सवर काळा चष्मा लावून उभं राहायचं, आणि गाडीत ते पिवळं फडकं ठेवायचं, म्हणजे माणूस मोठा. आणि माल तरी कसला? सातपुड्याच्या आडोशाला कानशीनं घासून केलेली लोखंडी नळी. सेफ्टी असली तर नावाला, हातातून निसटली तर आपसूक बोलणारी. ती एका बाईच्या मांडीवर आदळली आणि वाजली नाही, हे फक्त नशीब. मागच्या सीटवर एखादं पोर असतं तर त्यानं खेळणं म्हणून सगळ्यात आधी तेच उचललं असतं. ज्या पोरांना चिवडा द्यायची मनाई आहे, त्याच पोरांच्या हाताशी हे ठेवताना दादांना सीटकव्हरची काळजी होती.

करायचं ते सोपं आहे, म्हणून कुणी करत नाही. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, मामींना अलगद मोकळं करा आणि सगळे खाली उतरा. नळीसमोर कुणी उभं राहू नका. त्यानंतर त्याला हात नाही, फडकं नाही, फोटो नाही. ११२ लावा आणि आहे ते सांगा: गाडी कुणाची, कधी आणली, काय सापडलं, कोण कुठं बसलं होतं. शहाणपणा करून ते घेऊन ठाण्याकडे निघू नका. वाटेत कुणी अडवलं तर 'साहेब, तुमच्याकडेच येत होतो' हे वाक्य पकडला गेलेला प्रत्येक माणूस म्हणतो.

गाडी जप्त होईल. मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात ऊनपाऊस खात उभी राहील, तीही बहुधा पक्षी बसतात त्याच झाडाखाली. दादांचा फोन येईल, शेजारी म्हणतील एवढ्याशा गोष्टीसाठी संबंध तोडले, आणि पुन्हा या गावात तुम्हाला कुणी सायकलसुद्धा देणार नाही. बस्त्याला एसटीनं जा, ती येवल्याला थांबते.

शस्त्र कायद्याच्याच ३६ व्या कलमानं असा गुन्हा कळला की जवळच्या ठाण्याला कळवणं प्रत्येकाचं कर्तव्य केलं आहे. कळवलं नाही तर त्याला सबळ कारण होतं हे तुम्हीच सिद्ध करायचं, आणि 'दादा रागावले असते' हे कारण त्यात बसत नाही. विनापरवाना पिस्तुलाला किमान दोन वर्षं, कमाल पाच, दंड वेगळा. लग्नाची तारीख धरताना तेवढं बघा.