बंद गाडीसमोर कसे उभे राहावे: राम घाटावरचे पहिले धडे

उज्जैनला निघालेल्या मराठी माणसाकडे स्वतःची गाडी नसली तरी चालेल, दुसऱ्याच्या गाडीबद्दल मत हवंच. शिंद्यांची राजधानी 1810 च्या सुमारास ग्वाल्हेरला हलेपर्यंत इथेच होती, तेव्हा न विचारता बोलायचा संकोच आपण तरी धरू नये. हरसिद्धीच्या देवळाकडून क्षिप्रेच्या राम घाटाला उतरताना कुठेतरी बोनेट वर केलेली गाडी दिसेलच. थांबा, हात मागे बांधा. इंजिनात डोकावू नका, आधी कंपनीचा बिल्ला पाहा. निदान तिथेच होतं.

प्रीमियर पद्मिनी असेल (सरावाला उत्तम, पण आता दुर्मीळ) तर ‘पेट्रोलची वाफ झाली’ म्हणा आणि पंपावर ओलं फडकं टाकायला लावा. गंमत म्हणजे हे खरंही असतं. तिचा पंप इंजिनालाच चिकटलेला; वैशाखाच्या उन्हात पेट्रोलची तिथेच वाफ होई आणि पंप ती नुसती ओढत बसे. फडकं क्षिप्रेत भिजवलेलं असलं तर पुण्य वेगळं. अँबॅसॅडरला ‘स्टिअरिंगला प्ले आहे’ पुरतं. तिचं उत्पादन 2014 साली थांबलं, त्यामुळे तुमचं म्हणणं खोडायला कारखानाही उरलेला नाही. टाटाची कुठलीही गाडी असो, 1998 च्या पहिल्या इंडिकांच्या तक्रारी काढा. कंपनीने पुढे व्ही-टू आणून बऱ्याच निस्तरल्या, हे सांगत बसू नका. मारुती असेल तर ‘पत्रा पातळ’. बंद पडण्याशी पत्र्याचा काय संबंध, असं कुणी विचारत नाही.

थोडी मुरलेली मंडळी इथे एक परीक्षा घेतात. फियाटचं 1.3 लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन त्यांच्याच पुंटोत होतं, मारुतीच्या स्विफ्टमध्ये होतं आणि टाटाच्या इंडिका विस्टातही होतं. घाटावर तिन्ही गाड्या शेजारी-शेजारी उभ्या आहेत असं समजा. पुंटोला म्हणा, ‘पार्ट मिळत नाहीत’. स्विफ्टला, ‘इंजिन एक नंबर, तुम्हीच सर्व्हिसिंग चुकवलं असणार’. विस्टाला, ‘टाटाचं इंजिन, आवाज करणारच’. हे सलग, न हसता म्हणता आलं की तुम्ही पास.

आकड्यांपासून मात्र लांब राहा. जुलै 2020 मध्ये मारुतीने फ्युएल पंपातल्या दोषापायी 1,34,885 वॅगन-आर आणि बलेनो परत बोलावल्या. ही माहिती फार घातक. गाडी कुठल्या महिन्यातली, इंजिन कुठलं, हे मग पाहावं लागतं. आणि पाहायला लागलं की तज्ज्ञपणा संपलाच.

एवढ्यात कुणीतरी ‘भिया, जरा हटो’ म्हणत पुढे येईल आणि बॅटरीचं टर्मिनल बोटाने हलवील. ते हलेल. त्यावर हिरवट-पांढरी पूड साचलेली असेल. आई-बाबा दर्शनाच्या रांगेत आणि पोरं गाडीत गाणी लावून बसलेली, हेही उघड होईल. टर्मिनल खरवडून घट्ट होईल, धक्का बसेल, गाडी सुरू होईल. ‘बॅटरी कुठल्या कंपनीची?’ असं लगेच विचारा. बिल्ला सापडला की निदान पुन्हा तुमच्या हातात.

परतीच्या वाटेवर मानपूर सोडलं की गणेश घाट लागतो. तिथे विद्या पाजळू नका. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल केलेला, वर जास्त माल भरलेला ट्रक ब्रेक दाबून-दाबून त्यांचे लायनर तापवतो. तापले की ते धरत नाहीत, मग बिल्ला कुठलाही असो. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. या मार्गदर्शिकेत सरळ मनाने दिलेल्या दोन सल्ल्यांपैकी हा पहिला.

पावसाळ्यात क्षिप्रा चढली की राम घाटावरची देवळं पाण्यात जातात, छोटी रपट, म्हणजे नदीवरचा ठेंगणा पूल, तोही बुडतो. अशा पाण्यात गाडी घालून बंद पाडलेला गृहस्थ भेटला, तर सवयीप्रमाणे ‘सेल्फ मारून बघा’ म्हणावंसं वाटेल. ओठ आवळा. एअर फिल्टरमधून सिलिंडरात पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खर्च इंजिनाचा होतो. गाडी ओढून न्यायला सांगा, हा दुसरा सल्ला. ओढणारी गाडी आली की तिच्याभोवती एक फेरी मारा, वाका, आणि चालकाला हळूच सांगा की या कंपनीचे पाटे बसतातच.