रांजण घाटमाथ्यावर

घाटघरहून नाणेघाटात आलं की वाटेच्या तोंडाशी भलामोठा दगडी रांजण दिसतो. सातवाहनांच्या काळी कोकणातून चढणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात पडायची, असं सांगतात. व्यापारी कुठला, कुणाचा, याच्याशी रांजणाला कर्तव्य नव्हतं. वाट तेवढी आपल्यासमोरून जायला हवी.

मध्यममार्गी राष्ट्रवादी काँग्रेसनेही जागा अशीच हेरून निवडली. जून 1999 मध्ये काँग्रेसमधून फुटून पक्ष निघाला आणि ऑक्टोबरात त्याच काँग्रेसशेजारी सत्तेत बसला. 2014 मध्ये भाजप 122 वर अडला, तर कुणी न मागताच यांचा बाहेरून पाठिंबा हजर. नोव्हेंबर 2019 मध्ये एक शपथ भाजपसोबत, सकाळी सकाळी. पाचच दिवसांनी दुसरी शिवसेना-काँग्रेससोबत, संध्याकाळी. जुलै 2023 मध्ये खुद्द रांजणच दुभंगला.

2024 मध्ये गणित फिरलं. भाजप 132, शिंदेंची शिवसेना 57, अजित पवारांची राष्ट्रवादी 41. बहुमताला हवेत 145, आणि पहिल्या दोघांचेच होतात 189. म्हणजे जकात न भरताही घाट मोकळा! तरी रांजण जागचा हलला नाही; उलट अर्थखातं त्याच्याच पोटात पडलं.

घाटाखालच्या नव्हे, माथ्यावरच्या जुन्नरकरांचा हिशेब वेगळा. 2014 मध्ये त्यांनी मनसेचा राज्यातला एकुलता एक आमदार दिला. 2024 मध्ये तोच गडी अपक्ष म्हणून निवडून पाठवला.

शेजारच्या आंबेगावात राष्ट्रवादीची जागा 1,523 मतांनी कशीबशी वाचली. समोरचा उमेदवारही राष्ट्रवादीचाच होता, रांजणाच्या दुसऱ्या अर्ध्याचा.