टोनवाला

टोनवाला ओळखायचा तो पाठीवरून. जॅमरूममध्ये बाकीचे आपापली वाद्यं जुळवून तयार असतात, ड्रमर हाय-हॅटशी चाळा करत बसलेला असतो आणि हा जमिनीवरच्या पेटीपुढे ओणवा. चेहरा दिसत नाही, फक्त "दोनच मिनिटं रे" एवढं ऐकू येतं. खोली तासाच्या भाड्याने घेतलेली असते आणि भाडं चौघांत वाटून जातं, पण टोनवाल्याच्या दोन मिनिटांचा हिशेब आजवर कुणी मागितलेला नाही.

मी त्याच्या बँडमध्ये बेस वाजवतो. बेसवाल्याला टोनबद्दल कुणी काही विचारत नाही. फार तर "तू आहेस ना रे?" असं ओरडून खात्री करून घेतात. त्यामुळे निरीक्षणाला मला भरपूर फुरसत मिळते.

टोनवाल्याने चाळिशी गाठलेली असते. नोकरी हिंजवडीत, फ्लॅट बाणेरला, फ्लॅटमधली एक खोली "स्टुडिओ", म्हणजे जिथे इस्त्रीचे कपडेही ठेवतात. कॉलेजात असताना त्याच्याकडे एक कोलकात्याची गिव्हसन गिटार आणि कुणाचा तरी उसना अ‍ॅम्प होता, आणि तो वाट्टेल ते वाजवायचा. आता त्याच्याकडे सगळं आहे आणि तो तुलना करतो.

सध्याची तुलना पॉवर अ‍ॅम्पची आहे. तिचं मूळ असं की टोनवाल्याला आयुष्यभर हवा होता फेंडरचा ट्विन रिव्हर्ब. त्याचं वजन 29 किलो. न्यू जर्सीहून येणाऱ्या मावसभावाला विमानात एका बॅगेत 23 किलो चालतात, आणि मावसभावाच्या बायकोचं त्या किलोंबद्दल स्वतंत्र मत आहे. शिवाय अमेरिकेतला अ‍ॅम्प 120 व्होल्टचा, आपल्याकडे भिंतीतून येतात 230. म्हणजे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आला, तो पुन्हा उचलायचा. मग टोनवाला मॉडेलरकडे, म्हणजे अ‍ॅम्पांची नक्कल करणाऱ्या यंत्राकडे वळला. 1998 मध्ये लाइन सिक्सने पॉड नावाची लाल, मूत्रपिंडाच्या आकाराची डबी काढली तेव्हापासून या धंद्याला उधाण आलं. पुढे फ्रॅक्टल आली, केंपर आला, हेलिक्स आला. आता एका पेटीत शे-दोनशे अ‍ॅम्प राहतात आणि ती पेटी पाठीवरच्या सॅकमध्ये मावते. वजनाचा प्रश्न मिटला. मिटलेला प्रश्न टोनवाल्याला सोसत नाही.

कारण मॉडेलरमधून निघतो तो नुसता क्षीण सिग्नल. त्याने खरा स्पीकर हलवायचा तर मध्ये पॉवर अ‍ॅम्प लागतो. तो कुठला घ्यायचा? सॉलिड स्टेट की ट्यूब? ट्रान्झिस्टरचा हलका चौकोनी ठोकळा, की काचेच्या नळ्या तापवून चालणारा, आतमध्ये चारशेच्या वर व्होल्ट खेळवणारा लोखंडी ऐवज?

इथे कुणाही शहाण्या माणसाला वाटेल की प्रश्न सोपा आहे. ट्यूब अ‍ॅम्प जड, तापट आणि खर्चिक म्हणून तर त्याची नक्कल करणारं यंत्र घेतलं. त्या यंत्राच्या आत प्रीअ‍ॅम्पची नक्कल आहे, पॉवर अ‍ॅम्पचीही आहे. ते पुन्हा खऱ्या नळ्यांतून काढायचं म्हणजे साखर घातलेल्या चहात वरून गूळ. मी हे बोललो. टोनवाल्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "पॉवर अ‍ॅम्पचं मॉडेलिंग बंद करता येतं," तो म्हणाला. म्हणजे पैसे देऊन घेतलेली नक्कल बंद ठेवायची आणि अस्सल वस्तूचे निराळे पैसे द्यायचे.

"अरे, केंपरवाले स्वतः खऱ्या ट्यूब अ‍ॅम्पांची प्रोफाइलं काढतात," मी म्हटलं, "आणि त्यांच्या पॉवरहेडमध्ये काय बसवलंय? 600 वॉटचा क्लास डी. सॉलिड स्टेट."

"त्यांना विकायचंय. मला वाजवायचंय."

हे वाक्य ऐकून ड्रमरने काठ्या खाली ठेवल्या.

पण एक कबूल केलं पाहिजे. टोनवाला वेडा असला तरी अडाणी नाही. आठ ओहमचा स्पीकर सगळीकडे आठ ओहमचा नसतो, हे मला त्यानेच शिकवलं. खर्जातल्या एका ठरावीक जागी त्याचा अडथळा कितीतरी पट उसळतो आणि वरच्या पट्टीत पुन्हा चढत जातो. ट्यूब अ‍ॅम्प स्पीकरला घट्ट धरून ठेवत नाही, म्हणून त्या दोन्ही जागी आवाज फुगतो. खाली छातीत बसणारा धक्का आणि वर चकाकी, ती इथून येते. ट्रान्झिस्टरवाला स्पीकरची मनमानी चालू देत नाही. जे आलं ते सरळ पुढे. टोनवाला ज्याला "फील" म्हणतो तो हाच, आणि तो भास नव्हे.

दुसरा मुद्दा वॉटचा. तोही त्याच्याच बाजूचा आहे. सेमूर डंकनचा एक चिमुकला पॉवर अ‍ॅम्प मिळतो, पेडलबोर्डावर बसणारा, 170 वॉटचा. पण ते 170 चार ओहमवर. टोनवाल्याची कॅब, म्हणजे स्पीकरांचं खोकं, आहे सोळा ओहमची, चार स्पीकरांची, एका मोडलेल्या बँडकडून घेतलेली. तिच्यावर त्या 170 चे गणिताने चौथ्या हिश्शाइतके उरतात. ट्यूब अ‍ॅम्पला मात्र आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला चार, आठ, सोळा असे वेगवेगळे टॅप. कुठलीही कॅब लावा, ताकद पुरी मिळते. फक्त कॅब लावायला विसरू नका. स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प जोरात चालवला तर तोच ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

इतकं सगळं कळणाऱ्या माणसाने निर्णय घ्यायला काय हरकत होती? पण टोनवाल्याला माहितीने निर्णय सुचत नाही, पुढची शंका सुचते.

आधी त्याने सॉलिड स्टेट आणला. महिनाभर तो उदास होता. "जीव नाही रे आवाजात. दबलाय. मेलाय." आम्हालाही ते पटत होतं, कारण आवाज खरोखरच दबका येत होता. ट्रान्झिस्टर या वस्तूवर, 1947 साली त्याचा शोध लावणाऱ्या बेल लॅबवर आणि एकूणच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धावर त्याने बरंच तोंडसुख घेतलं. मग एक दिवस आमचा कीबोर्डवाला, ज्याला गिटारमधलं काही कळत नाही असं टोनवाल्याचं मत आहे, पेटीच्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे काय चालू आहे?" ते कॅबचं मॉडेलिंग होतं. मॉडेलर अ‍ॅम्पबरोबर कॅबची आणि तिच्यासमोरच्या माइकचीही नक्कल करतो; हेडफोनला ती हवीच, पण खऱ्या कॅबला जोडताना बंद करायची असते. महिनाभर आम्ही कॅबमधून कॅब ऐकत होतो. ती बंद केल्याबरोबर खोली उजळली. ड्रमरने टाळ्या वाजवल्या.

टोनवाला मात्र गंभीर झाला. "म्हणजे आत्तापर्यंतची सगळी तुलना बाद," तो म्हणाला. "पहिल्यापासून करावी लागणार."

पहिल्यापासून म्हणजे ट्यूबपासून. त्यासाठी तो मला बुधवार पेठेत तपकीर गल्लीत घेऊन गेला. तिथे एका जिन्याखाली एक मेकॅनिक काका बसतात. त्यांनी आयुष्यात रेडिओचे असंख्य व्हॉल्व्ह बदलले. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या व्हॉल्व्हचा एक डबा अजून त्यांच्याकडे आहे. पूर्वी लोक त्यांच्याकडे "काका, हे व्हॉल्व्ह काढून काहीतरी ट्रान्झिस्टरचं बसवा" म्हणत यायचे. आता टोनवाले येतात आणि उलट मागतात. काकांनी दोन्ही लाटा सारख्याच निर्विकारपणे पाहिल्या आहेत.

टोनवाल्याने खिशातून पातळ कापडात गुंडाळलेल्या नळ्यांची जोडी काढली. वर मुलार्ड असं नाव. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "मुलार्ड विलायतेचे ना? आम्ही बसवायचो."

"नाव विलायतेचं, काका. बनतात रशियात. व्होल्गाकाठी सारातोव्ह म्हणून गाव आहे, तिथल्या कारखान्यात." 2022 च्या मार्चमध्ये रशियाने निर्यात रोखल्याची बातमी आली तेव्हा युद्धाच्या बातम्या इतक्या बारकाईने वाचणारा आमच्या ओळखीत हा एकटाच होता. आम्हाला वाटलं, माणूस संवेदनशील झाला. तो नळ्यांचा साठा करत होता.

काकांनी मीटर लावून बायस पाहिला, भिंतीतलं व्होल्टेज पाहिलं आणि विचारलं, "सकाळी आवाज वेगळा आणि रात्री वेगळा, असं होतं का?"

"होतं!" टोनवाल्याचे डोळे पाणावायचेच बाकी होते. इतक्या वर्षांनी कुणाला तरी कळलं होतं.

"स्टॅबिलायझर घ्या," काका म्हणाले.

ट्यूबचं दुसरं दुःख सोसायटीचं. पॉवर अ‍ॅम्पच्या नळ्या खऱ्या गातात त्या ताणल्यावर, आणि ताणायचं म्हणजे आवाज वाढवायचा. निवासी भागात कायद्याने दिवसा 55 डेसिबल चालतात, रात्री 45. ताणलेल्या ट्यूब अ‍ॅम्पला हे आकडे जागं व्हायलाही पुरत नाहीत. त्यामुळे बाणेरच्या फ्लॅटमध्ये त्या सारातोव्हच्या नळ्या नुसत्या तापतात, केशरी दिसतात आणि आवाजात म्हणावी तशी भर घालत नाहीत. पण टोनवाला दिवा मालवून त्यांच्याकडे बघत बसतो. बायकोने एकदा विचारलं, "वाजवत का नाहीस?" तर म्हणाला, "गरम होताहेत." एवढ्यावर भागलं असतं, तर आता त्याला पन्नासऐवजी शंभर वॉटचा हवाय. दुप्पट वॉटने जेमतेम तीन डेसिबल वाढतात, हे मला सांगणाराही तोच.

आणि त्याचं दैवत कोण? पँटेराचा डाइमबॅग डॅरेल. स्टुडिओत, इस्त्रीच्या कपड्यांच्या वर, त्याचं पोस्टर आहे. 1990 च्या "काउबॉइज फ्रॉम हेल"चा तो कापत जाणारा आवाज टोनवाल्याला मुखोद्गत आहे. तो आवाज रँडलच्या सॉलिड स्टेट अ‍ॅम्पचा आहे. बी. बी. किंगने वर्षानुवर्षं लॅब सीरिजचा एल-फाइव्ह वाजवला, तोही सॉलिड स्टेट. टोनवाला स्वच्छ आवाजासाठी मॉडेलरमध्ये जी नक्कल लावतो ती रोलँडच्या जेसी-120 ची, आणि 1975 चा तो अ‍ॅम्प तर सॉलिड स्टेटवाल्यांचा मेरुमणी. हे सगळं मी एकदा चहाच्या टपरीवर एका दमात सांगितलं. टोनवाला बराच वेळ ग्लासात बघत राहिला.

"त्यांची गोष्ट वेगळी," शेवटी म्हणाला. "त्यांची बोटं होती."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने बोटांचा उल्लेख केला होता. मी पुढे काही बोललो नाही.

गेल्या महिन्यात कोरेगाव पार्कात एका पबमध्ये आमचा कार्यक्रम होता. टोनवाल्याने ट्यूबचा पॉवर अ‍ॅम्प आणि चार स्पीकरांची कॅब दोन्ही नेली. म्हणजे त्याने एक टोक धरलं. साउंडवाल्या पोराने कॅबकडे पाहिलंही नाही. मॉडेलरच्या मागून एक वायर काढली आणि सरळ मिक्सरला जोडली. समोरच्या लोकांना जे ऐकू गेलं त्यात ना ट्यूब होती, ना ट्रान्झिस्टर, ना ती कॅब. ती सगळी आरास टोनवाल्याच्या पोटरीमागे दीड फुटावर उभी होती आणि फक्त त्याच्यासाठी वाजत होती. आणि खोटं कशाला बोला, त्या रात्री तो छान वाजला. दुसऱ्या गाण्यानंतर एकदाही वाकला नाही.

परतताना गाडीत तो गप्प होता. मला वाटलं, लागलंय मनाला. विद्यापीठ चौकातल्या सिग्नलला त्याने तोंड उघडलं.

"माझं ठरलं."

"कुठला?"

"दोन्ही. स्टीरिओ. डावीकडे ट्यूब, उजवीकडे सॉलिड स्टेट. मॉडेलरला आउटपुट दोन असतातच. मग तुलना जागच्या जागी करता येते, विसरायला वेळच मिळत नाही." सिग्नल सुटला, मागचे हॉर्न सुरू झाले, पण त्याचं बोलणं थांबेना. "फक्त दुसरी कॅब लागेल. अगदी अशीच, याच स्पीकरांची, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. नाशिकला एक जण विकतोय."

मी गिअर टाकला.

"तुझी मागची सीट पूर्ण आडवी होते ना रे?"